सिएटलच्या चायनाटाउनमध्ये जाताना

उन्हाळा लागला की बेलव्ह्यू, रेडमंड, सॅमामिशमधल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईहून आई-बाबा येतात. स्पेस नीडल, पाइक प्लेस मार्केट, स्नोक्वाल्मीचा धबधबा एवढं पहिल्या पंधरवड्यात उरकतं आणि मग ‘आता कुठे न्यायचं?’ हा प्रश्न पडतो. चायनाटाउन सुचवलं की दोन उत्तरं हमखास येतात : “तिथे काय, नुसती हॉटेलं” आणि “आम्ही शाकाहारी.” दोन्हींत थोडं तथ्य आहे. फक्त जेवायला गेलात तर हा भाग तासाभरात संपतो, आणि न विचारता जेवलात तर शाकाहार मोडतोच. म्हणून क्रम सांगतो. पहिल्यांदा एखाद्या साध्या दिवशी सकाळी जा, वस्ती पाहा, मग जेवा. सणाची गर्दी दुसऱ्या खेपेला ठेवा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात : सिंहनृत्याच्या दिवशी गर्दीत अर्धा तास उभे राहतात, पार्किंगला वैतागतात, हातात एक बबल टी घेऊन परततात आणि ‘पाहिलं’ म्हणतात.

या भागाचं अधिकृत नाव लांबलचक आहे : चायनाटाउन-इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट. किंग स्ट्रीट रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला लागूनच तो सुरू होतो. किंग स्ट्रीटच्या आजूबाजूला चिनी दुकानं, मेन स्ट्रीटकडे वर चढत गेलं की जुनं जपानी गाव, म्हणजे निहोनमाची, आणि आय-५ महामार्गाच्या पुलाखालून पलीकडे गेलं की बारावा अव्हेन्यू आणि जॅक्सन स्ट्रीटच्या नाक्याभोवती व्हिएतनामी लोकांचं लिटल सायगॉन. अलास्कातल्या मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत हंगामी कामाला जाणारे फिलिपिनो तरुणही याच गल्ल्यांत राहत. हे सगळं पायी फिरण्यासारखं आहे. थोडा चढ आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी जॅक्सन स्ट्रीटवरून जाणारी स्ट्रीटकार पकडावी.

जाण्यासाठी लिंक रेल्वे उत्तम. ‘इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट/चायनाटाउन’ नावाचं स्थानकच आहे, बाहेर आलं की समोर वस्ती. ऑर्का कार्ड वापरणार असाल तर ते प्रत्येकाचं वेगळं लागतं; १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवास फुकट आहे. गाडीच न्यायची असेल तर निघण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक जरूर पाहा. लुमेन फील्ड आणि टी-मोबाइल पार्क ही दोन्ही मैदानं इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सीहॉक्स किंवा मरिनर्सचा घरचा सामना असेल त्या दिवशी पार्किंगचे दर डोळे पांढरे करतात. गाडीत सीटवर पिशवी, जॅकेट, चार्जर काहीही दिसेल असं ठेवू नका. काच फोडून सामान पळवण्याचे प्रकार या शहरात नवे नाहीत.

आता पाहायचं काय. किंग स्ट्रीटच्या तोंडाशी ४५ फूट उंचीची रंगीत कमान दिसेल. ती २००८ ची. फोटो काढा आणि पुढे चला. सगळे तिथेच वेळ घालवतात. दोन मिनिटांवर हिंग हे पार्क आहे. तिथला मंडप तैपेईत बनवून १९७५ मध्ये इथे आणून उभारला. सकाळच्या वेळी म्हातारी माणसं तिथे व्यायाम करत असतात, चिनी बुद्धिबळाचे डाव रंगलेले असतात. शेजारी उभं राहून डाव पाहिला तर कोणी हरकत घेत नाही, पण चेहऱ्यासमोर फोन धरण्याआधी विचारावं.

खरा वेळ द्यायचा तो विंग ल्यूक म्युझियमला. विंग ल्यूक १९६२ मध्ये सिएटलच्या नगर परिषदेवर निवडून आले. वॉशिंग्टन राज्यात लोकनियुक्त पद मिळवणारे ते पहिले आशियाई-अमेरिकन. तीनच वर्षांनी विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावाचं हे संग्रहालय २००८ पासून ईस्ट काँग यिक नावाच्या इमारतीत आहे, आणि ही इमारत हेच त्यातलं सर्वांत मोलाचं प्रदर्शन आहे. १९१० मध्ये १७० चिनी स्थलांतरितांनी पदरचे पैसे एकत्र करून ती बांधली. खाली दुकानं, वर मजुरांच्या खोल्या. गाइडसोबतचा फेरफटका घेतला तरच या जुन्या खोल्या दिसतात, म्हणून तिकीट काढताना त्याची वेळ विचारून घ्या. बाजेएवढ्या खोल्या, भिंतीवरचे खिळे, सामाईक स्वयंपाकघर. गिरणगावातल्या गाळ्यात राहून गावी मनीऑर्डर पाठवणाऱ्यांच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना इथे गाइडची फारशी गरज लागत नाही. आई-बाबांना हे नक्की दाखवा. स्पेस नीडलपेक्षा जास्त बोलतील याबद्दल.

त्या खोल्यांमध्ये बायका-मुलं का नव्हती, याचं उत्तर कायद्यात आहे. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद केलं. आधी आलेल्यांनाही चैन पडू दिली नाही : ७ फेब्रुवारी १८८६ रोजी सिएटलमध्ये जमाव घराघरांत शिरला आणि सुमारे ३५० चिनी लोकांना गोदीकडे हाकलत नेलं. आजची वस्ती त्यानंतर पुन्हा उभी राहिलेली आहे.

मेन स्ट्रीटवरचं पनामा हॉटेलही १९१० चं, साब्रो ओझासा या जपानी वास्तुकाराने बांधलेलं. तळघरात जपानी पद्धतीचं सार्वजनिक स्नानगृह होतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना, जन्माने अमेरिकन असलेल्यांनाही, छावण्यांत धाडलं. सिएटलचे लोक आधी प्युॲलपच्या जत्रेच्या मैदानात आणि मग आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत गेले. सोबत हातात मावेल तेवढंच सामान. उरलेल्या ट्रंका, पेट्या अनेकांनी या हॉटेलच्या तळघरात ठेवल्या. काही कुटुंबं त्या न्यायला परत आलीच नाहीत. तळमजल्यावरचं चहाघर उघडं असेल तर तिथे जमिनीत बसवलेल्या काचेतून ते सामान दिसतं.

बेलव्ह्यूत राहणाऱ्यांनी हे जरा जास्त लक्ष देऊन ऐकावं. आज जिथे आपली सॉफ्टवेअर कंपन्यांची ऑफिसं आणि टाउनहाउसं आहेत, तिथे युद्धाआधी जपानी शेतकरी झाडांचे बुंधे उपटून स्ट्रॉबेरी पिकवत. १९२१ च्या राज्य कायद्यामुळे त्यांना जमीन विकत घेता येत नव्हती, तरी त्यांच्या पिकावर बेलव्ह्यूत १९२५ पासून स्ट्रॉबेरी महोत्सव भरत असे. १९४२ मध्ये पिकवणारेच नेले गेले आणि महोत्सव थांबला.

एवढं पाहून झालं की भूक लागलेली असते. मांसाहारी असाल तर काम सोपं आहे. ताइ तुंग हे १९३५ पासून चालू असलेलं चिनी हॉटेल. ब्रूस ली सिएटलला विद्यार्थी असताना इथे जेवायला यायचा. मानेकी १९०४ पासूनचं जपानी हॉटेल, फक्त ते संध्याकाळसाठी, आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. पुढे जपानचे पंतप्रधान झालेले ताकेओ मिकी शिकायला असताना मानेकीत भांडी घासत, असं सांगितलं जातं. लिटल सायगॉनमध्ये फो बाक हे १९८२ मध्ये होडीच्या आकाराच्या लाल इमारतीत सुरू झालेलं हॉटेल. शहरातलं पहिलं फो, म्हणजे व्हिएतनामी शेवयांचं सूप, तिथलं. १९७५ मध्ये सायगॉन पडल्यावर निर्वासितांना घ्यायला अनेक राज्यं कां-कूं करत होती, तेव्हा वॉशिंग्टनचे गव्हर्नर डॅन एव्हान्स यांनी त्यांना बोलावून घेतलं. ही वस्ती त्यातून वाढली.

तेरियाकी मात्र चायनाटाउनमध्ये शोधत बसू नका. सिएटलची गोडसर तेरियाकी कोंबडी ही तोशी कासाहारा यांनी १९७६ मध्ये क्वीन ॲनच्या पायथ्याशी काढलेल्या छोट्या दुकानाची देणगी. आता ती शहराच्या कुठल्याही नाक्यावर मिळते आणि बहुधा कोरियन कुटुंब ते दुकान चालवत असतं.

शाकाहाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपली सगळी गृहीतकं इथे चुकतात. पहिलं : टोफू लिहिलंय म्हणजे शाकाहारी नव्हे. मापो टोफूत खिमा असतो. सुक्या तळलेल्या फरसबीतही पुष्कळदा असतो. उलट ‘फिश-फ्रॅग्रंट एगप्लांट’ या वांग्याच्या भाजीत मासा नसतोच. ते सिचुआनच्या मसाल्याचं नाव आहे, फक्त खिमा घालू नका म्हणून सांगायचं. दुसरं : अडचण तुकड्यांची नसून रसाची असते. चिनी पालेभाज्यांवर ऑइस्टर सॉस ओततात, व्हिएतनामी सॅलडमध्ये आणि रोलसोबतच्या वाटीत माशाचा सॉस असतो, जपानी मिसो सूप आणि उदोनच्या पाण्यात वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, आणि किमचीत खारवलेली कोळंबी. “नो मीट” म्हटल्याने यातलं काहीच टळत नाही. वेटरच्या दृष्टीने सॉस म्हणजे मीट नव्हे, आणि त्याचं बरोबरच आहे. त्यामुळे ‘मांस, मासे, कोळंबी, ऑइस्टर सॉस, माशाचा सॉस, चरबी काही चालत नाही’ एवढं वाक्य भाषांतर करून फोनमध्ये साठवून ठेवा आणि दाखवा. भाज्या ‘गार्लिक सॉस’मध्ये मागा.

कट्टर शाकाहाऱ्यांनी डिमसमच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ढकलगाड्या टेबलांमधून फिरताना पाहायला मजा येते, पण दहा टोपल्यांतून एखादी तुमच्या कामाची निघते. मुळ्याच्या वड्यांतही सॉसेज आणि सुकी कोळंबी असते. अंड्याच्या टार्टच्या पापुद्र्यात डुकराची चरबी असू शकते. अंडी-मासे चालणाऱ्यांनी मात्र जरूर जावं, रविवारी अकराच्या आत. चहा ओतताना आधी दुसऱ्यांचे पेले भरायचे, आपला शेवटी. तुमच्या पेल्यात कोणी चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करतात, ते आभार. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवून द्या, भरून मिळते.

मग शाकाहाऱ्यांनी जायचं कुठे? बौद्ध परंपरेत. चिनी आणि व्हिएतनामी बौद्धांमध्ये अमावास्या-पौर्णिमेला शाकाहार पाळणारी पुष्कळ कुटुंबं आहेत, आणि भिक्षूंच्या कडक पद्धतीत तर कांदा-लसूणही वर्ज्य. म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आजींना यात नवल वाटायला नको. चिनी मेनूवर ‘बुद्धाज डिलाइट’ दिसलं की ती याच परंपरेतली मिश्रभाजी. सॉसबद्दल एकदा विचारून घेतलं की काम झालं. व्हिएतनामी मेनूवर ‘चाय’ शब्द जोडलेला दिसला तर तो चहा नव्हे, तो शाकाहारी पदार्थ. लिटल सायगॉनमध्ये ताजा टोफू करणारी छोटी दुकानं आहेत. तिथे गरम सोयाबीनचं दूध आणि आल्याच्या पाकातला मऊ टोफू मिळतो. जपानी हॉटेलात काकडीचा रोल आणि लाल चवळीचं गोड सारण भरलेलं मोची हे निर्धोक. मोची चिकट तांदळाचं असतं. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना छोटे तुकडे करून द्या, घशात अडकतं.

जेवणानंतरचा बाजारहाट उवाजिमायात. फुजिमात्सु मोरिगुची यांनी १९२८ मध्ये टॅकोमात ट्रकच्या मागे माशाच्या वड्या विकून हा धंदा सुरू केला. युद्धात कुटुंब छावणीत गेलं, सुटल्यावर सिएटलला येऊन त्यांनी पुन्हा दुकान मांडलं. आज ते मोठं सुपरमार्केट आहे, आत खाऊगल्ली आहे आणि किनोकुनिया हे जपानी पुस्तकांचं दुकान आहे, जिथून मुलं लवकर बाहेर येत नाहीत. आपल्या घरचं सामान मात्र लिटल सायगॉनच्या किराणा दुकानांत जास्त मिळतं : कारली, चवळीच्या शेंगा, केळफूल, कच्चा फणस, आणि फ्रीझरमध्ये केळीची पानं. गणपतीच्या आठवड्यात पानांसाठी भारतीय दुकानांच्या चकरा मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता सण. तारखा शोधायला कालनिर्णय पुरतं. चिनी नववर्ष, कोरियन सोलाल आणि व्हिएतनामी तेत हे २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येणाऱ्या अमावास्येला असतात. एखादा दिवस इकडे-तिकडे. आपल्यासारखाच त्यांच्याकडेही अधिक महिना आहे, म्हणून तारीख दरवर्षी सरकते. चायनाटाउनचा रस्त्यावरचा सोहळा मात्र त्याच दिवशी असेल असं नाही, आयोजक सोयीचा शनिवार पाहतात. मुलांच्या हातात लाल पाकिटात एक-एक डॉलर देऊन ठेवा. सिंहनृत्यातला सिंह जवळ आला की त्याच्या तोंडात ते द्यायचं. तान्ह्या बाळांना नेऊ नका, फटाक्यांचा आणि ढोलांचा आवाज फार असतो. शरदातला चंद्रोत्सव बहुधा भाद्रपद पौर्णिमेला, कधी अधिक महिन्यामुळे कोजागरीलाही येतो. तेव्हा बेकऱ्यांत मूनकेक दिसतात. शाकाहाऱ्यांनी डबा उलटून घटक वाचावेत, चरबी आणि खारवलेला अंड्याचा बलक दोन्ही संभवतात.

मला विचाराल तर वर्षातला सर्वांत चांगला कार्यक्रम जुलैतला बोन ओदोरी. पितरांच्या स्मरणाचा हा बौद्ध सण. सिएटल बेत्सुइन मंदिरासमोरचा रस्ता बंद करून लोक गोल धरून नाचतात, १९३२ पासून. दु:खाचा मागमूस नसतो. इथे प्रेक्षक राहण्याची गरज नाही. आधीच्या दिवसांत सरावाचे वर्ग असतात, कोणीही जाऊ शकतं, आणि पायऱ्या सोप्या आहेत. साठीच्या पुढच्या बायका पुढे असतात, त्यांच्या मागे राहायचं. मुलीला युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसवणार असाल तर डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलट फक्त मृतांना नेसवतात. तसंच भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, तीही अंत्यविधीची खूण.

बाकीचं थोडक्यात. एप्रिलमध्ये सिएटल सेंटरला चेरी ब्लॉसम महोत्सव असतो, फुकट. १९७६ मध्ये याच ताकेओ मिकींनी पंतप्रधान म्हणून हजार चेरीची झाडं भेट दिली, तिथून तो सुरू झाला. फुलं मात्र त्याआधी, मार्चअखेरीस, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या चौकात पाहा, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी. तलावापलीकडे यायचा कंटाळा असेल तर बेलव्ह्यू कॉलेजात सप्टेंबरात आकी मात्सुरी हा जपानी महोत्सव भरतो. आर्बोरेटममधली जपानी बाग हिवाळ्यात बंद असते.

मेन स्ट्रीटच्या वर डोंगरउतारावर डॅनी वू बाग आहे. तिथले वाफे वस्तीतल्या वृद्धांचे आहेत, कष्टाने राखलेले. फिरा, पण कोथिंबिरीची काडीसुद्धा तोडू नका. बाग १९७५ ची. तेव्हा शेजारी किंगडोम हे प्रचंड क्रीडागृह उभं राहत होतं, त्याआधीच्या दशकात महामार्गाने वस्ती चिरली होती, आणि बॉब सँटोस या फिलिपिनो-अमेरिकन कार्यकर्त्यासोबत तरुण मुलं रस्त्यावर उतरली होती. ‘हॉट डॉग नकोत, हम बाव हवेत’ ही त्यांची घोषणा. हम बाव म्हणजे इथला भरलेला वाफवलेला पाव. किंगडोम २००० मध्ये सुरुंग लावून पाडलं. हम बाव अजून मिळतात.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही : बाराव्या अव्हेन्यूच्या नाक्यावर बेघर आणि नशेत असलेली माणसं दिसतील. दिवसा, माणसं असलेल्या रस्त्याने गेलात तर अडचण येत नाही. अंधार पडल्यावर मी पाहुण्यांना तिकडे नेत नाही.

२०२३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने देशातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ ऐतिहासिक स्थळांत या वस्तीचं नाव घातलं. सणाच्या एका शनिवारच्या गर्दीवर ही दुकानं चालत नाहीत. तुमचं ऑफिस सिएटलमध्ये असेल तर एखाद्या बुधवारी टीमला घेऊन दुपारी तिकडे जेवायला जा, छोट्या दुकानात पैसे रोख द्या आणि टिप नीट ठेवा.